दादांच्या हाताच्या उंचीपर्यंत

रोज सकाळी आई दादांना मिठी मारायची, आम्हा मुलींच्या देखत. शेवगावजवळच्या आमच्या खेड्यात नवरा-बायको रस्त्यानेसुद्धा अंतर राखून चालत, त्या दिवसांतली ही गोष्ट. आई बाजेवर वाकायची, दादा तिच्या मानेभोवती हात गुंफायचे, ती खोल श्वास घेऊन नुसतं "प्रभू" म्हणायची, आणि दोघं क्षणभर अधांतरी डोलून खुर्चीशी टेकायचे... तिळाचं तेल, स्पिरिट, पावडर आणि चुलीवर भाजणारी भाकरी यांचा मिळून एक वास तेव्हा खोलीभर असायचा. बालपण म्हटलं की मला आधी तोच आठवतो.

दादा, आमचे वडील, गवंडी होते. शेजारच्या गावात पाण्याच्या टाकीला गिलावा करताना परांचीचं लाकूड सरकलं आणि ते पाठीवर आदळले. मी नऊ वर्षांची होते, धाकटी चार. नगरच्या दवाखान्यातून दोन महिन्यांनी त्यांना घरी आणलं, ते कमरेखालचं शरीर आता कधीच हलणार नाही हे ऐकूनच. शिवारात शाळू काढणीला आला होता. आई दुसऱ्यांच्या रानात काढणीला जायची, दुपारी तापल्या फुफाट्यातून धावत येऊन दादांची कूस बदलायची, आणि तांब्याभर पाणी पिऊन तशीच परत फिरायची.

आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी उपासना आटोपून घरी यायची, बाजेभोवती उभी राहून प्रार्थना करायची. दादा मात्र छताच्या पत्र्याकडे बघत पडून राहत. पडल्यापासून त्यांच्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द निघाला नव्हता.

एका उन्हाळ्यात बाहेरगावचा एक प्रचारक आला. आजारी माणसं त्याच्या शब्दानं उठतात, असं लोक सांगत. त्यानं दादांच्या डोक्यावर हात ठेवला, घाम फुटेपर्यंत मोठमोठ्यानं प्रार्थना केली आणि "ऊठ!" म्हणून आज्ञा केली. दोघा जणांनी बगलेत हात घालून दादांना उभं केलं. सोडलं, आणि दादा कोसळले... दारात दाटलेली माणसं मागे सरली. प्रचारक रुमालानं मान पुसत म्हणाला, "या घरात विश्वास कमी आहे."

आईनं आधी दादांना सावरून बसवलं. मग पदर खोचत ती वळली. "साहेब, ह्ये पडल्यापासनं मी ह्यांना रोज उचलती. माझ्या दुप्पट वजन हाय ह्यांचं. इश्वासाबिगर उचलतं व्हय कुनी?"

माणसं एकेक करून निघून गेली.

त्या संध्याकाळी ताटं वाढून झाली तरी आई उंबऱ्याशी पाठमोरी बसून राहिली. जेवणाआधीची प्रार्थना नेहमी तीच करायची. आम्ही मुली हात जोडून वाट बघत होतो. आमटीवर साय धरू लागली... आणि मग बाजेवरून दादांचा आवाज आला, बरेच दिवस न वापरल्यासारखा खरखरीत.

"प्रभू, मला उठवायचं ऱ्हाऊ दे. हिच्या पाठीला बळ दे. आमेन."

आई मागे वळली नाही. तिचे खांदे तेवढे हलत होते.

त्या पावसाळ्यानंतर देवळाच्या — चर्चला आम्ही देऊळच म्हणतो — भिंतीला आतून लोणा, म्हणजे ओलीचा खार, लागून खालचा गिलावा सुटू लागला. दादांनी एका सकाळी थापी मागितली. आईनं त्यांना हातगाडीवरून नेलं, पोत्यावर बसवलं, माल कालवून दिला. बसून हात जाईल तिथपर्यंत दादांनी भिंत गिलावली. मग आई पोतं वीतभर पुढे ओढायची. वीस-बावीस दिवस लागले. वरचा भाग दुसऱ्या गवंड्यानं केला. दोन्हींमधली रेघ पुढे चुना मारूनही लपली नाही. खालचा, दादांचा हात जास्त गुळगुळीत होता.

त्यानंतर दादा अकरा वर्षं जगले. शेवटी पडून राहून झालेल्या पाठीच्या जखमा चिघळल्या आणि एका दुपारी, आई पाणी आणायला गेली असताना, ते गेले.

आता आईची कंबर वाकली आहे, ती सरळ होत नाही. मागच्या नाताळाआधी देवळाच्या भिंतींना आतून फरशा लावायचं ठरलं. पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, विचारायला घरी आले तेव्हा ती म्हणाली, "लावा की. भिंतच हाय ती." पण काम सुरू झालं त्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं. आम्ही दोघी देवळात जाऊन उभ्या राहिलो. ओल्या सिमेंटचा गार वास येत होता.

इतकी वर्षं न विचारलेलं मी तेव्हा विचारलं, "आई, दादा उठतील असं तुला वाटायचं?"

"रोज वाटायचं."

"मग देवाचा राग नाही आला?"

"आला की. लई आला." ती थांबली. दमली होती. "त्याच्याशीच भांडायची, आन् त्यालाच धरून उठायची. दुसरं कोन हुतं?"

तिनं त्या रेघेखाली, दादांच्या गिलाव्यावर तळवा टेकला होता. फरशी हातात घेऊन कारागीर थोडा वेळ थांबला, मग हळूच म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हता का?"

आई बाजूला झाली.