दंड कानाला लागेपर्यंत

ऑपरेशननंतर मी दिल्लीला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये परतले तेव्हा सासूबाई साताऱ्याहून येऊन पदर खोचून तयारच होत्या. माझा डावा स्तन काढला होता, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. बायकांच्या दुखण्यांपैकी सासूबाईंच्या हातचं दुखणं एकच, बाळंतपण. त्यांनी मला सरळ बाळंतीण केलं. सव्वा महिना खाटेवरून हलायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, कानाला रुमाल, रोज सकाळी डिंकाचा लाडू. बाळ तेवढं नव्हतं.

हॉस्पिटलने व्यायामाचा कागद दिला होता. तो त्यांनी पंचांगात घालून ठेवला. "टाके ओले आहेत गं. कागद काय पळून जातोय?"

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मी इतकी दमले होते की केस विंचरायचंही जिवावर यायचं. ते त्या विंचरायच्या, न बोलता. इतक्या वर्षांत आमचं एवढं कधी पटलं नव्हतं.

सव्वा महिना सरला आणि मी रेडिएशनची मापं द्यायला गेले. दिल्लीत त्याला सगळे सिकाई म्हणतात. टेबलावर आडवी झाले.

"मैडम, हाथ सिर के ऊपर," टेक्निशियन म्हणाला.

हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. त्याने जरा रेटला तशी मी ओरडले. हात डोक्यावर गेल्याशिवाय सिकाई करता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी बोलावलं. त्याहून जास्त थांबणं बरं नाही, असंही म्हणाले.

फिजिओथेरपीच्या बाईंनी खांदा हलवून पाहिला. "आपने इतने दिन किया क्या?"

"लड्डू खाए," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

मग पंधरा दिवस मी आणि बैठकीतली भिंत. बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची, दुखेल तिथे थांबून दहा आकडे मोजायचे, पेन्सिलीने खूण करायची. दिवसातून पाच वेळा. काखेत आतून दोरी ताणल्यासारखं व्हायचं. कधी खूण कालच्यापेक्षा खालीच यायची, आणि मग संताप यायचा: त्या कागदाचा, लाडवांचा, माझा. आकडे मोजायला सासूबाई बसायच्या. मी रडायला लागले की त्यांच्या ओठांवर 'राहू दे' यायचं, ते त्या गिळायच्या आणि पुढचा आकडा म्हणायच्या.

दुसऱ्या खेपेला हात वर गेला. दंड जेमतेम कानाला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण गेला. टेक्निशियनने छातीवर शाईच्या खुणा केल्या. बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या.

"गेला?"

"गेला."

परतताना आम्ही रिक्षा केली. त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "हे पंधरा दिवस माझ्यामुळे गेले. तेवढ्यात काही वाढलं तर नसेल ना गं?"

हेच मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते धड हो किंवा नाही म्हणाले नव्हते.

"नाही हो आई," मी म्हटलं.

त्यांनी माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि घट्ट धरला. खांद्यात कळ गेली. घर येईपर्यंत मी हात सोडवून घेतला नाही.