कोऱ्या तारखांवरची रेघ

आमच्या कारखान्यात तिला सगळे आखणीबाई म्हणायचे. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि त्यातलं शिसं भट्टीत वितळवायचं, हा आमचा धंदा. शिसं अंगात भिनलं की सहजासहजी निघत नाही. म्हणून भट्टीवरच्या प्रत्येक माणसाने कॉलरला एक छोटा पंप लावायचा असा नियम होता. पंप हवा ओढायचा आणि त्यातल्या गाळणीच्या कागदावर धूळ बसायची. संध्याकाळी त्या कागदाचं वजन व्हायचं आणि आकडा आखणीबाईकडे यायचा. ती आजचा आकडा कालपर्यंतच्या बेरजेत मिळवायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर त्या माणसाची रेघ तेवढी वर न्यायची. रेघ वरच्या लाल पट्ट्याला टेकली की माणसाला भट्टीवरून उतरवायचं आणि कारखान्याच्या दवाखान्यात शिसं काढायचं औषध सुरू करायचं.

मी त्याच खोलीत टायपिस्ट होते. पहिल्याच आठवड्यात तिने मला समजावलं होतं, "चढत्या बेरजेचं माझ्या सासूच्या रागासारखं आहे. कधी थांबते, पण उतरत म्हणून नाही."

बाई कामाला कडक. तिच्या आधीचा कारकून ज्या तारखेला आकडा नसेल ती तारीखच गाळायचा, आणि पुढची तारीख मागच्या तारखेला चिकटवायचा. तक्ता दिसायला छान, पण आठवडाभर पंप बंद होता हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. आखणीबाईने पहिल्या दिवसापासून प्रत्येक तारखेला तिचा चौकोन दिला. आकडा नसला तर रेघ आदल्या बेरजेच्याच उंचीवर पुढे न्यायची, पण ठिपक्यांची. "ठिपके म्हणजे शून्य नव्हे," ती म्हणायची. "ठिपके म्हणजे आपल्याला माहीत नाही."

साहेबांना हेच खुपलं. सरकारी तपासणीवाले ठिपक्यांवर बोट ठेवून प्रश्न विचारत. "पंप नसेल तर भट्टीवर उभं राहायचं नाही, हा नियम आहे ना?" साहेब म्हणाले. "मग पंप नव्हता म्हणजे माणूस वर नव्हता. म्हणजे त्या दिवशी शून्य. रेघ सरळ काढा आणि भरीव काढा."

आखणीबाई दोन दिवस भांडली आणि तिसऱ्या दिवशी गप्प बसली. का ते मला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ भट्टीवर होता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. तो नुकताच मिस्त्री झाला होता आणि त्याची रेघ लाल पट्ट्याकडे निघाली होती. खाली उतरवला की मिस्त्रीपण गेलं आणि आयुष्यभर आवारात झाडू. ठिपके गेले तर कोणी फार खोदून बघणार नव्हतं. तिने शाई घेतली आणि जुन्या ठिपक्यांवरूनही भरीव रेघ ओढली.

खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. पंपाचा पट्टा कामात अडकायचा. माल तातडीचा असला की मुकादमच ओरडायचा, "लटकवा रे ती भुणभुण खुंटीवर!" म्हणजे ज्या दिवशी भट्टी सगळ्यांत जोरात आणि धूर सगळ्यांत दाट, नेमका तोच दिवस कोरा. मला त्या मुकादमाचा अजून राग येतो. आमच्याही गप्प बसण्याचा येतो, पण मुकादमाचा जरा जास्त येतो.

धाकटा मात्र खुशीत असायचा. जेवणाच्या सुट्टीत खोलीत डोकावून म्हणायचा, "ताई, माझी रेघ बघ कशी गुणाची. पाय पसरून झोपलीय!"

मग त्याच्या पोटात कळा यायला लागल्या. हिरड्यांच्या कडेला निळसर रंग दिसू लागला. उजवा हात मनगटातून खाली लोंबायला लागला, शर्टाची बटणं आखणीबाई लावून द्यायची. पुढे तो विसरायला लागला. सकाळी विचारलेलं दुपारी पुन्हा विचारायचा, आणि आपण विचारलं होतं हे सांगितलं की ओशाळून हसायचा. ते हसणं बघवत नसे.

कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला तपासायच्या आधी तक्ता मागवला. "पट्ट्याच्या बराच खाली आहे. हे शिसं नव्हे, नसांचा दुसरा काहीतरी विकार असेल." औषध त्यांच्याच कपाटात होतं, बाहेर कुठे मिळत नव्हतं, आणि चिठ्ठीवर साहेबांची सही लागायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाई बोलणार कोणाला?

तिने भावाचा तक्ता नव्याने काढला. प्रत्येक कोऱ्या दिवसाच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा घेतला, आणि त्यातला लहान तो भरला. कोणी म्हणू नये की फुगवलं. तरीही रेघ हिवाळ्याआधीच, कळा सुरू व्हायच्याही आधी, लाल पट्टा ओलांडून गेली. तो कागद घेऊन ती साहेबांकडे निघाली. मी सोबत गेले.

"हे आकडे कुठून आणले?" साहेबांनी विचारलं.

"शेजारच्या दिवसांवरून."

"म्हणजे मनाने घातले."

"साहेब, शून्यसुद्धा मनानेच घातलं होतं."

साहेबांनी मुकादमाला बोलावलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "पंप नव्हता म्हणजे वर नव्हता, साहेब. आवारात असेल कुठेतरी." मग धाकट्याच्या भट्टीवरच्या दोघा सोबत्यांना बोलावलं, तर ते मान खाली घालून उभे राहिले. खरं बोलावं तर पंप काढल्याबद्दल दोघेही घरी बसणार.

"हे बघा," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच मऊ होता, "तो स्वतः सांगू दे, त्या दिवसांत मी वर होतो म्हणून. मी आत्ता सही करतो." त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली आणि पेन उघडलं.

धाकट्याला त्या दोघा सोबत्यांनी धरून आणलं. आखणीबाईचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि समोर भिंतीवरचा जुना तक्ता पसरला.

"हे दिवस बघ. इथून इथपर्यंत. तू भट्टीवर होतास ना? पंप खुंटीला लावून? सांग साहेबांना, घाबरू नकोस."

तो बराच वेळ बघत राहिला. कपाळाला आठ्या पडल्या. आठवायचा किती प्रयत्न करत होता ते आम्हाला दिसत होतं.

"आठवत नाही गं, ताई."

"नीट बघ, बाळा."

मग त्याने लोंबता हात दुसऱ्या हाताने उचलून कागदावर ठेवला, बोट त्या सरळ रेघेवरून फिरवलं आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

"ही तूच काढलीस ना? सरळ आहे की. मग मी नसेनच वर."

"चुकले रे मी!" आखणीबाई ओरडली. "ती रेघ खोटी आहे. मी चुकीची काढली!"

"छे," तो तिची समजूत घालत म्हणाला, "तू कशी चुकशील?" आणि साहेबांकडे वळून अभिमानाने म्हणाला, "साहेब, ताईची रेघ कधी चुकत नाही."

साहेबांनी पेनाला टोपण घातलं.