मोज्यांचा दुसरा जोड

मागच्या महिन्यात मेहुणा आणि त्याची बायको केदारनाथला निघाले. खरेदीसाठी त्यांनी मला आमच्या गावाहून, युसूफ वडगावहून, बीडला नेलं. फौजेत अठरा वर्षं काढली म्हणून सामानातलं मला कळतं, असा घरात समज आहे. मी दहा ओळींची यादी दिली होती. रेनकोट, टॉर्च, औषधं, लोकरीचे मोजे तीन जोड. मेहुण्याने मोज्यांचा एकच जोड घेतला आणि मानेखालची उशी, गॉगल, फोन धरायची काठी घेतली. हौसेला मोल नाही. पण मोज्यांवरून मी दुकानात त्याच्यावर ओरडलो. मागाहून लाज वाटली. का ओरडलो ते तेव्हा सांगितलं नाही.

मी फौजेत असताना आमची कंपनी उत्तर सिक्कीममध्ये होती. मी नाईकाच्या हुद्द्यावर. सुट्टीवरून परतून दहा दिवस झाले होते. सुट्टीवरून येणाऱ्याने घरचं खाणं आणायचं, हा आमच्यातला रिवाज. वरच्या चौकीवर मराठवाड्यातले चौघे होते. त्यांचा वाटा मी राखून ठेवला होता. शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू, दोन्ही मिळून तीन किलो.

सहा जणांची पेट्रोलिंग पार्टी त्या चौकीवर जायची होती. कमांडर मी. आदल्या संध्याकाळी पाचला सगळ्यांच्या पिठूची, म्हणजे पाठीवरच्या सॅकची, तपासणी मीच घेतली. बिनकामाचं जे दिसलं ते बाहेर काढायला लावलं. लान्स नाईक ज्ञानोबाच्या पिठूतून मात्र काढण्यासारखं काही निघालं नाही. तो परळी तालुक्यातल्या धर्मापुरीचा, ऊसतोड करणाऱ्या घरातला.

"उस्ताद, आमी सहा महिन्याचं बिऱ्हाड एका ट्रॅक्टरात बसवतो," तो म्हणाला. "हे तर पाठीवरचं हाय."

माझा पिठू तपासायला कोणी नव्हतं. लाडवांचा डबा बसेना म्हणून मी मोज्यांचा दुसरा जोड आणि जादा हातमोजे काढून खाटेवर ठेवले. एका दिवसाचं काम, संध्याकाळी चौकीवर शेकोटी मिळेल, असा माझा हिशेब. दुसऱ्यांना शिकवलेलं मी स्वतः पाळलं नाही.

सकाळी सहाला निघालो. दुपारी तीनला नाला ओलांडताना बर्फ फुटला आणि मी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो. चारला हिमवर्षाव सुरू झाला. पुढची वाट दिसेना. रेडिओवर बेसला कळवलं.

"मौसम खराब है. वहीं रुको. सुबह देखेंगे. ओव्हर."

"रॉजर. ओव्हर."

एका कड्याच्या आडोशाला आम्ही थांबलो. थांबलं की मोजे बदलायचे, हा नियम. चालून घामाने सगळ्यांचेच ओले झालेले असतात. सगळ्यांनी पिठू उघडले. मी बूट काढून तसाच बसलो. ज्ञानोबाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या उघड्या पिठूतल्या डब्याकडे पाहिलं. त्याने आपला कोरडा जोड माझ्या मांडीवर ठेवला.

"घाला उस्ताद. माझे पाय कोरडे हायत."

मी घातले. त्याचे पाय तपासले नाहीत. ते तपासणं माझं काम होतं.

सकाळी साडेसहाला परत फिरायचा हुकूम आला. उतारावर तो माझ्या पुढे होता. दोनदा पाय चुकीचा पडला. मी विचारलं, तर ठीक हाय म्हणाला. सात वाजून दहा मिनिटांनी एका अरुंद जागी त्याचा पाय सुटला आणि तो नाल्यात गेला. त्याच्यापर्यंत पोचायला आम्हाला सव्वा तास लागला. तो गेलेला होता. खाली बेसवर बूट काढले, तेव्हा ओले मोजे पायाला चिकटून गोठलेले होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी जबाब दिला. पाय घसरून पडला, असं सांगितलं. ते खरं होतं. मोज्यांबद्दल कोणी विचारलं नाही. लाडू वर पोचलेच नाहीत. पुढे ते कोणी खाल्ले मला माहीत नाही.

बीडहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी धर्मापुरीला गेलो. दर वर्षी जातो, बसतो, चहा पिऊन येतो. ज्ञानोबाची बायको, वहिनी, दारात होत्या. दीर-जाऊ ऊसतोडीला कारखान्यावर निघाले होते, त्यांची भांडी त्या पोत्यात भरून देत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. डबा, खाट, मोजे. मी थकलो होतो, आणखी एकदा काही न सांगता चहा पिऊन परत यायचं त्राण नव्हतं.

त्यांचा हात थांबला.

"इतकी वर्षं कावून न्हाई सांगितलं?"

भीती वाटत होती, म्हणालो.

त्यांनी पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं. बराच वेळ गाठ ओढत राहिल्या.

"त्यांचे पाय लई गार पडायचे," त्या म्हणाल्या. "थंडीत मी चोळून द्यायची, तवा झोप लागायची त्यांना."