अप्पांनी निवडलेलं शेत

तिकिटं मी काढली, म्हणजे चूकही माझीच. तीस वर्षं सोलापूरच्या शाळेत मुलांना "तारीख नीट बघून लिहा" म्हणून ओरडत आले, आणि स्वतः फिनलंडला भावाकडे जायची तिकिटं काढताना पंचांग उघडलं नाही. व्हिसा झाला, अप्पांसाठी लोकरीचे मोजे झाले, कानटोपी झाली. विमानात पट्टा लावून बसल्यावर अप्पांनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजल्या आणि विचारलं, "आक्का, वेळ अमावस्या कवा हाय?" मी पेरं मोजली नाहीत, पर्समधून तिकिटं काढून बघितली. परतीचं विमान अमावस्येनंतर चार दिवसांनी होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. मंद्रूपला शेती आहे. आता ती वाट्याने दिलेली असली तरी रोज सकाळी बांधावरून एक फेरी मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. ऐन थंडीतल्या त्या अमावस्येला आमच्याकडे गावात चिटपाखरू सापडत नाही, सगळे शेतात असतात. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची. मग अंबील आणि पाल्या-दाण्यांची पातळ भज्जी शेतभर शिंपडत, हाळी देत फिरायचं, आणि राहिलेलं सगळ्यांनी मिळून खायचं. वाटेने कुणीही जात असो, जेवल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. अप्पांनी कळत्या वयापासून हा नेम कधी मोडला नव्हता. आई गेली त्या वर्षीसुद्धा ते एकटेच जाऊन खोपीत बसले होते. आता तो माझ्यामुळे मोडणार होता.

त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण आमच्या अप्पांना रागावता येत नाही, ते फक्त कमी बोलतात. विमानातून उतरेपर्यंत ते "व्हय" आणि "न्हाय" यांवर आले होते.

माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी तिथे जाऊन सहाच महिने झाले होते. त्याचाही तो पहिलाच हिवाळा. त्याने मोठ्या हौसेने उत्तरेकडे तीन दिवसांचा गाडीचा प्रवास ठरवला होता आणि पहिलाच दिवस नेमका अमावस्येचा निघाला. मी म्हटलं, ठीक आहे, जमीन काय फक्त मंद्रूपलाच आहे का? ज्वारीचं आणि बाजरीचं पीठ मी सोलापूरहून नेलंच होतं. अंबील आंबवायला दोन दिवस हीटरला टेकवून ठेवली. गोठवलेले वाटाणे, डबाबंद हरभरे, मिळेल तो पाला आणि डाळीचं पीठ घालून भज्जी केली. बाजरीचे उंडे वाफवले. हे सगळं थर्मासांत भरून मी पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसले. मागे अप्पा, कानटोपी, मफलर आणि मौन.

भाऊ बैलगाडीच्या बेताने गाडी हाकत होता. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, फांद्या बर्फाने वाकलेल्या, आणि मधूनच लाल रंगाची लाकडी घरं. इतकं पांढरं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कापसाचं पीक फुटून एकदम सगळ्या दुनियेत पसरावं तसं. मला सारखं "अगं बाई" म्हणावंसं वाटत होतं, पण अप्पांच्या मौनापुढे हिंमत होत नव्हती. मी एकेक मोकळी जागा दाखवत होते. अप्पा बघायचे आणि मान हलवायचे. एक जागा उताराची, एकीत झाडोरा फार. मला वाटलं, हे मुद्दाम चाललंय.

आणि अकराच्या सुमाराला अप्पाच ओरडले, "थांब की रं! थांब!"

रस्त्याच्या खाली एक शेत पसरलं होतं. लांबरुंद आणि सपाट, मध्ये एक झाड नाही की धोंडा नाही. कडेला वाळलेल्या बोरूची रांग. अप्पांचे डोळे चमकले. "बघा, ह्याला म्हनत्यात रान! कसं एकसारखं केलंय. लई कष्टाळू मानूस असनार."

भाऊ म्हणाला, "अप्पा, मॅपवर बघू का जरा?"

"रान वळखायला मोबाइल लागतोय व्हय? साठ वर्षं झाली मला ह्यात."

साठ वर्षांपुढे भावाची सहा महिन्यांची अक्कल काय टिकणार? आम्ही गुडघाभर बर्फातून खाली उतरलो. गाडीतलं बर्फ काढायचं फावडं आणि दोन काठ्या रोवून वर सोलापुरी चादर टाकली, झाली खोप. दगड काही मिळेनात. मी इकडेतिकडे बर्फ उकरत होते, तेवढ्यात अप्पांनी हातमोज्यांनी बर्फाचा गोळा वळला. मग दुसरा. पाच झाले तेव्हा ते स्वतःशीच हसले. "चुना लावायची बी कटकट न्हाय." इतक्या दिवसांत त्यांनी मला उद्देशून बोललेलं ते पहिलं सबंध वाक्य होतं. पांढऱ्याशुभ्र पांडवांना हळदकुंकू लावलं तेव्हा थंडीने माझी बोटं बधिर झाली होती आणि मला फार आनंद होत होता.

मग अप्पा पुढे आणि आम्ही दोघं मागे, अंबील शिंपडत निघालो. "ओलगे ओलगे सालम पोलगे!" फिनलंडच्या त्या शांततेत आमच्या हाळीने कावळ्यासारखी दोन पाखरं उडाली. भाऊ, जो ऑफिसात चार माणसांपुढे बोलायला लाजतो, तो घसा फाडून ओरडत होता.

तो आवाज ऐकूनच बहुधा एक म्हातारा कडेच्या झाडांतून आला. मागे छोटी घसरगाडी, तिच्यावर स्टूल आणि माणसाच्या कमरेएवढं, भोक पाडायचं एक पिळाचं गिरमिट. त्याने आमची खोप बघितली, पांडव बघितले, काही विचारलं नाही. भावाने इंग्रजीत सांगितलं, आज आमचा सण आहे, तुम्हाला जेवावं लागेल. अप्पांनी तर त्याचा हात धरून त्याला त्याच्याच स्टुलावर बसवला. भज्जी खाताना त्याचं नाक लाल झालं, पण थांबला नाही. अंबील दोन पेले प्याला. अप्पा कौतुकाने म्हणाले, "जेवनार मानूस हाय."

जेवून तो उठला, दहा पावलं गेला आणि गिरमिट जमिनीला लावून फिरवू लागला.

"आता हो!" अप्पा उभे राहिले. "हातानं बोर मारतोय की!"

मंद्रूपला बोर म्हणजे काय असतं ते मंद्रूपच्या माणसालाच ठाऊक. मशीन येतं, दोन दिवस धुरळा उडतो, शेकडो फूट खाली जातं आणि बहुतेक वेळा धुरळाच हाती लागतो. इथे त्या म्हाताऱ्याने गिरमिटाला चारदोन फेरे दिले आणि पाणी! हातभर खोलीवर! अप्पा धावलेच. भोकाशी गुडघे टेकून बसले, पाण्यात बोट बुडवलं, आमच्याकडे वळून म्हणाले, "हातभर! काय रं नशीब ह्या लोकांचं!" तेवढ्यात म्हाताऱ्याने भोकात गळ सोडला, आणि थोड्या वेळाने बोरमधून मासा वर आला.

भावाने हळूच मोबाइल काढून नकाशा बघितला आणि आणखी हळूच खिशात ठेवला. आम्ही तळ्याच्या मधोमध उभे होतो.

आधी अप्पांना हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "साठ वर्षं शेती केली आन तळं वळखू आलं न्हाय!" आम्हीही हसलो, म्हाताराही का ते न कळता हसला. पण हसू ओसरलं तसं अप्पांचं तोंड उतरलं. "म्हंजे जमिनीला काय पोचलंच न्हाय," ते म्हणाले.

भावाने म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. साठ वर्षांचा नेम, ज्वारी, पंचांग, माझी चूकही. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, गळ गुंडाळला आणि झाडांपलीकडे बोट केलं. त्याचं स्वतःचं शेत तिकडे होतं. उन्हाळ्यात तो ओट लावतो म्हणाला. मग जरा अवघडून विचारलं, माझ्या शेतात शिंपडाल का?

हे मराठीत सांगितल्यावर अप्पांनी थर्मास उचलून हलवून बघितला. आमच्याकडे अमावस्येला पाहुणे येतात, जेवतात, जातात. पण माझं रान तुमच्या हातानं शिंपा असं अप्पांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

थर्मासात तळाला थोडी अंबील होती. शेतात पोचल्यावर म्हाताऱ्याने फावड्याने बर्फ बाजूला केला, खाली खाली जात राहिला, आणि काळी, दगडासारखी गोठलेली माती दिसली. अप्पांनी हातमोजा काढून तळहात तिच्यावर ठेवला. मग दोघे म्हातारे निघाले. अप्पा शिंपडायचे आणि हाळी द्यायचे, तो मागून त्याला जमेल तशी तीच हाळी द्यायचा. चारी कोपरे झाले. मी आणि भाऊ बांधावर उभे होतो, म्हणजे बांध असावा असं आम्हाला वाटत होतं.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली तेव्हा अप्पा मागून म्हणाले, "आक्का."

"काय अप्पा?"

"फुडल्या साली बी तिकिटं तूच काढ. आन पंचांग बघू नगंस."

मी खिडकीकडे तोंड वळवून रडले. भावाला वाटलं मला थंडी वाजतेय, म्हणून त्याने हीटर वाढवला.