बर्फाच्या खाडीतला नारळ

माझी आई मालन भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, काय धाडसाची बाई! धाडस कसलं डोंबलाचं. दिंडोशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती अजून लिफ्टमध्ये एकटी जात नाही. कुकरची शिट्टी व्हायची वेळ झाली की गॅलरीत जाऊन उभी राहते. मॉलमधल्या सरकत्या जिन्यापाशी तर तिने एकदा अख्खी रांग अडवली होती, आणि मी शरमेने दुसरीकडे बघत होते.

पण पाणी म्हटलं की बाई बदलते. देवगडच्या अलीकडची खाडी हे तिचं माहेर. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून शिंपल्या काढणारी पोर ती. लग्न करून मुंबईत आली, बाबांची गिरणी बंद पडली, आम्ही लालबागचं बिऱ्हाड हलवून दिंडोशीला आलो. बाबा गेल्यावर तिने पोळीभाजीचे डबे करून आम्हा दोघांना वाढवलं. इतक्या वर्षांत नारळी पौर्णिमा मात्र चुकवली नाही. मढला जायचं, गुडघाभर पाण्यात शिरायचं आणि नारळ हाताने अलगद सोडायचा. "फेकूचो नाय. दर्या काय भिकारी आसा?" असं म्हणायची.

माझा धाकटा भाऊ सर्वेश शेफ आहे. क्रूझवर होता, तिथून पोचला ग्रीनलँडला, इलुलिसाट नावाच्या गावात. लाल, निळी, पिवळी लाकडी घरं, घरांइतकीच कुत्री, आणि शेजारी बर्फाची खाडी. हिमनदी समुद्राला मिळते आणि तिचे तुटलेले डोंगरच्या डोंगर खाडीत तरंगत येतात. तिथल्या एका हॉटेलात तो रांधतो. गेल्या वर्षी तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या श्रावणात, त्याने आईला बोलावून घेतलं. मला नाही विचारलं कुणी. मुलगा तो मुलगा! आमच्या घरात हे पहिल्यापासूनच आहे. मी कोर्टात टायपिस्ट, रोज तिची औषधं आणणार, शेजारच्या सुंदराबाईंशी झालेली तिची भांडणं मिटवणार, आणि माझं एक ऐकेल तर शपथ.

आई निघायच्या आधी सर्वेशने आम्हा दोघींना फोनवर बजावलं होतं. खाडीकाठचा दगडी किनारा दिसायला शांत, पण खाली उतरायचं नाही. लांब कुठेतरी हिमनग फुटला किंवा उलटला की पाणी आधी मागे जातं आणि मग एकदम लाट येते. माणसं वाहून गेलीत. तशी पाटीच लावलीय तिथे. आईने "होय होय" केलं आणि बॅगेत नारळ भरला.

पौर्णिमेच्या दिवशी मी रजा टाकली होती. इथे संध्याकाळ, तिथे सकाळ. गॅसवर नारळीभात, ओट्याला डब्याच्या आधाराने फोन उभा केलेला, मागे सुंदराबाई. आईने फोन गळ्यात दोरीला अडकवला होता, त्यामुळे तिला दिसत होतं तेच मला दिसत होतं. लाकडी पायवाट, पिवळट गवत, आणि पलीकडे ते पांढरे डोंगर. देवाने एवढं मोठं काहीतरी पाण्यात सोडून द्यावं?

"वरूनच हात जोड गं," मी म्हटलं.

"होय होय," आई म्हणाली.

तेवढ्यात तिच्यासोबत आलेल्या सर्वेशला हॉटेलच्या किचनमधून फोन आला. तो बोलत बोलत बाजूला झाला असावा, कारण त्याचा आवाज लांब गेला. आणि पडद्यावर दगड दिसायला लागले. उतरणीचे.

"आई, कुठे चाललीस?"

"अगो, नारळ काय वरसून सोडूचो?"

"आई, पाटी बघ! सर्वेशला हाक मार!"

"माका काय शिकवतंस? पाण्याक मी काय भियतंय?"

ती काठाशी पोचली. पाणी कसं, वाटीतल्या सारासारखं गप्प. आणि मग आवाज झाला. लांबून, डोंगरात सुरुंग लावावा तसा. पडद्याच्या कोपऱ्यातला एक पांढरा डोंगर हळूच कलला, आणि त्याची निळी बाजू वर आली. सुंदराबाई म्हणाल्या, "अगं बाई, किती सुंदर!" माझं लक्ष मात्र खाली होतं.

कारण आईच्या पुढ्यातलं पाणी मागे सरकायला लागलं होतं. ओले दगड उघडे पडत होते, शेवाळ लोंबत होतं.

"बघ गो, सुकती लागली," आई खूश होऊन म्हणाली. सुकती म्हणजे ओहोटी. माहेरच्या खाडीत रोज बघितलेली. आणि सवयीने, ओहोटीत शिंपल्यांना उतरावं तशी, ती पाण्यामागे निघाली.

मी ओरडले. काय काय ओरडले आठवत नाही. मागे फिर, मर तिकडे, माझे आई, तुझ्या पाया पडते. तिचं आपलं एकच, "बोंबलू नको, नारळ सोडतंय नि येतंय." चाळीस वर्षं या बाईने माझं काही ऐकलेलं नाही, ती आज कशाला ऐकेल? मग रडत रडत माझ्या तोंडून गेलं. सणाच्या दिवशी, ओट्यापाशी उभं राहून, सख्ख्या भावाबद्दल.

"आई, सर्वेश पडला! तुझ्या मागे, दगडावर! डोकं फुटलंय त्याचं!"

चित्र गर्रकन फिरलं. दगड, गवत, तिचा हात, दगड. धापा ऐकू येत होत्या. एकदा ती गुडघ्यावर पडली, माझ्या तोंडून किंकाळी गेली, मग पुन्हा दगड हलायला लागले. कुठून तरी सर्वेशची हाक आली, "आये, हात दे!" आणि त्यामागून घरघर. ती वाढत वाढत इतकी मोठी झाली, की त्यात हाक बुडाली. मग पडदा काळा.

मी फोन लावत राहिले. लागेना. सुंदराबाई देवाचं नाव घेत होत्या, भात करपल्याचा वास येत होता, आणि गॅस बंद करायचंही कुणाला सुचत नव्हतं. मला वाटलं, मी खोटं बोलले ते त्या पाण्याने खरं केलं. दोघांनाही नेलं.

शेवटी सर्वेशचा फोन आला. "ताई, आहोत. दोघं आहोत. पायाखालपर्यंत आलं होतं गं." मग आईने फोन घेतला. गुडघा फुटलेला, केस चिकटलेले.

"सर्वेश धड आसा," ती म्हणाली. "तू खोटा कित्याक बोललंस?"

मला तिडीकच आली. "मग काय करू? माझ्यासाठी वळली असतीस? त्याचं नाव घेतलं म्हणून तर धावलीस!"

आईने चिकटलेले केस मागे सारले.

"अनू," ती म्हणाली, "फोन पाण्याकडे होतो. माझ्या मागे सर्वेश पडलेलो तुका खयसून दिसतलो? माका तेव्हाच कळला, तू खोटा बोलतंस ता."

"मग धावलीस कशाला?"

"तू रडत होतंस गो."