बैलाच्या पुठ्ठ्यावरचे वण

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो गेला तेव्हा सांगायचं राहून गेलं, असंही वाटलं नाही. खरं तर बरंच वाटलं.

वसंता माझा धाकटा भाऊ. उंद्रीला आमची बेताची शेती. आठ वर्षांचा असताना त्यानं शेजाऱ्यांची कडब्याची गंजी पेटवली आणि घरी येऊन निवांत भाकर खाल्ली. मी सांगितलं, तो माझ्याजवळ होता. कुणाची पाटी चोरली, कोंबडीचे पाय मोडले — दर वेळी तो माझ्याजवळच होता. तुम्ही म्हणाल, पोरं करतातच. मी पुढे शेगावला मास्तरीण झाले, व्रात्य पोरं ढिगानं पाहिली. बहुतेक मार्गी लागली. पण त्यांना मागाहून कधीतरी वाईट वाटायचं. वसंता मार खाल्ला की रडायचा. वाईट वाटून रडलेला मी एकदाही पाहिला नाही.

आई म्हणायची, समज आली की सुटेल. समज आली, मिसरूड फुटलं, आणि तो आईवरच हात उचलू लागला. मग आपल्याकडचं ठरलेलं औषध निघालं — दोनाचे चार हात करा, येतो ताळ्यावर. त्यातले दोन हात कुणाचे, हे कुणी विचारतं का?

संग्रामपूरकडची मुलगी सांगून आली. कमल, वय एकोणीस. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तिचे वडील उंद्रीला घर पाहून परस्पर शेगावला माझ्याकडे आले. शिकलेली बाई, खोटं बोलणार नाही — अशी त्यांची समजूत. जमीन किती, विहिरीला पाणी किती, काही विचारलं नाही. स्थळ पाहायला गेले की ते आधी गोठ्यात जात.

"बाई, बैलाच्या पुठ्ठ्यावर आरीचे वण पाह्यले म्या. ताजे हायेत. कोन मारते?"

आर म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या टोकाचा खिळा. वसंता ती मजेसाठी टोचायचा. बैल उभा असतानाही. मला माहीत होतं. आणि मी म्हणाले, सालदार गडी मारायचा, गेल्याच आठवड्यात काढून टाकलाय. आमचा सालदार बैलांना शिवीसुद्धा देत नसे.

का बोलले? भावाच्या मायेनं? तसं असतं तर हे सांगायला सोपं गेलं असतं. आई सुजलेलं तोंड घेऊन माझ्याकडे यायची, मागोमाग वसंता. मग दारात शिव्या, आळीभर तमाशा, शाळेत कुजबुज. मला तो माझ्या दारातून गेलेला हवा होता. त्याच्या पुढ्यात दुसरं कुणीतरी असावं, एवढंच. कमलला मी तोवर पाहिलंही नव्हतं.

लग्न झालं. आईचं येणं थांबलं. दोन वर्षांनी कमल आली, मोडक्या हाताला पट्ट्या बांधलेल्या. भांडली नाही. उभ्या उभ्या एकच विचारलं.

"बाई, हे लहानपनापासूनच असे हायेत का?"

हो म्हटलं असतं तर ती तशीच बापाकडे गेली असती. पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. पण मग बापाला माझं उत्तर आठवलं असतं — आणि वसंता पुन्हा माझ्या दारात.

"नाही वं," मी म्हणाले. "लग्नाआधी असा नव्हता."

ती उंद्रीला परत गेली. तेवीस वर्षं त्या घरात राहिली. वसंता शेवटपर्यंत तसाच होता.

तो मेल्यावर मी भेटायला गेले. तिची मोठी लेक बापाबद्दल काहीतरी कडू बोलली. कमलनं तिला थांबवलं.

"तुहे बाबा पहिले असे नव्हते. आत्याले विचार. मलेच त्यायले सांभाळता आलं नाही."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली.