मंदिराच्या मागे एकच घर नाही

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकूंवर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी. घाटकोपरच्या टेकडीवर सगळ्यात वरच्या ओळीत त्या एकट्या राहतात. नळ कोरडा, म्हणून खालून पाण्याचा कॅन आणताना पायऱ्यांवर पडल्या. मनगट मोडलं. त्याच सकाळी त्यांच्या मोबाइलवर वॉर्ड ऑफिसचा मेसेज आला होता: पाण्याची तक्रार निकाली.

प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून त्या मला म्हणाल्या, "मेसेज इलो गो. पाणी खंय आसा?"

आम्ही वस्तीतले चौघं, पत्रकं काढणारे. ऑफिसात गेलो. इंजिनिअर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "तुमच्या टेकडीची एकच तक्रार चालू आहे. बाकीच्या सिस्टिमने एकसारख्या म्हणून बंद केल्यात."

एकसारख्या का, तर आमच्याकडे पत्ता असाच सांगतात: मंदिराच्या मागे. ओळ, खोली कुणी सांगत नाही. गॅसवाला, पाहुणे मंदिरापाशी येऊन हाक मारतात, माणसाला तेवढं पुरतं. सिस्टिमने अख्खी ओळ एक घर धरली, आणि खात्री करायला एकही माणूस टेकडी चढला नाही. याला नुसती चूक म्हणायची माझी तयारी नाही, हा अन्यायच.

मग घरोघरच्या तक्रारी आम्हीच पाठवायचं ठरलं. मी पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेत छोटा कोड लिहिला: पत्त्यात ओळ आणि खोली नसेल तर तक्रार पुढे जाऊच द्यायची नाही. चौघांनी तो आपापल्या लॅपटॉपवर कॉपी केला. पण सार्वजनिक नळाला कुठली आलीय खोली? त्या तक्रारी अडकल्या. मी माझ्याकडे दुरुस्ती केली, बाकी तिघांकडे जुनंच चालू.

तेव्हा त्या कोडचं एक पॅकेज केलं. एक फोल्डर, आत पत्ता तपासणारी फाइल, तक्रारीचा मजकूर बनवणारी फाइल, आणि पॅकेजचं नाव नि आवृत्ती सांगणारी एक. ते एका जागी ठेवलं, चौघांनी तिथूनच घेतलं. कॉपी बंद. आपल्या कोडात फक्त ते पॅकेज बोलावणारी, इम्पोर्टची एक ओळ लिहायची. दुरुस्ती एकदाच, एकाच ठिकाणी, मग सगळ्यांनी नवी आवृत्ती घ्यायची.

आमच्यातला एक चिडला. "लोकं तहानलीत आणि तू फोल्डर लावत बसलीयस? पत्रक लिही ना."

"पत्रक ते टोपलीत टाकतात रे. आधी प्रत्येक घर त्यांच्या स्क्रीनवर वेगळं दिसू दे."

दिसलं. पुढच्या खेपेला आमची एकही तक्रार एकसारखी ठरली नाही. इंजिनिअरला टेकडी चढावीच लागली. त्याने वर पाणी सोडायचा व्हॉल्व्ह बघितला, मान हलवली, गेला.

नळ अजून कोरडाच आहे. काकूंचं पाणी आम्ही वर चढवतो.

तुम्ही हे वाचताय, तर तुमच्या वॉर्ड ऑफिसात जा. तुमच्या गल्लीतल्या किती तक्रारी एकसारख्या म्हणून बंद केल्या, आणि बंद करण्याआधी कोण येऊन बघून गेलं, ते विचारा. लेखी उत्तर मिळाल्याशिवाय तिथून उठू नका.